तळहातावरचा फोड

लाडक्या मुलाला आपण तळहातावरच्या फोडासारखं जपतो. त्या वाक्प्रचारातला ‘फोड’ संस्कृत ‘स्फोटा’वरून आला, ‘फुटणं’ही त्याच धातूचं. म्हणजे फोड या शब्दातच त्याचं पुढचं भविष्य लिहिलेलं!

ग्रीकांनी मात्र फुटण्याआधीचं रूप पाहिलं. ‘पेम्फिक्स’ म्हणजे बुडबुडा. त्यावरून १७९१मध्ये जर्मन वैद्य विखमान यांनी एका दुर्धर त्वचारोगाला ‘पेम्फिगस’ हे नाव दिलं. या रोगात शरीराची संरक्षणयंत्रणा घरच्यांवरच उलटते. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जखडणाऱ्या प्रथिनांवर ती हल्ला करते, बंध सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. त्यातल्या एका प्रथिनाचं नाव ‘डेस्मोग्लिन’. ग्रीक ‘डेस्मोस’ म्हणजे बंधच.

‘पेम्फिगॉइड’ हा दुसरा रोग; नावाचा अर्थ पेम्फिगससारखा दिसणारा. दिसणाराच, कारण १९५३मध्ये वॉल्टर लीव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोघांना वेगळं केलं. पेम्फिगॉइडमध्ये फोड त्वचेच्या वरच्या थराखाली उठतो, म्हणून त्याचं छत जाड आणि तो टिकतो. पेम्फिगसचा फोड वरच्या थरातच उठतो; तो लेचापेचा, लगेच फुटणारा. तोंडात तर फोड सहसा दिसतच नाही, उरतात नुसत्या जखमा. ‘पेम्फिगस व्हल्गॅरिस’ची सुरुवात बहुधा तिथूनच होते. (‘व्हल्गॅरिस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘नेहमीचा’. इतक्या दुर्मीळ रोगाला हे विशेषण!) आणि आपण म्हणतो, ‘तोंड आलंय, उष्णता झाली असेल.’ मग गुलकंद, तूप, बी-कॉम्प्लेक्स, आणि आठवड्यांवर आठवडे.