'रशियात एमबीबीएस'च्या बोर्डामागचं १९९१

लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडमध्ये फिरताना 'रशियात एमबीबीएस', 'किर्गिझस्तानात एमबीबीएस' असे बोर्ड तुम्ही पाहिलेच असतील. आज मी या बोर्डांमागचा इतिहास सांगणार आहे.

सोव्हिएत काळात तिथं शिक्षण विकत मिळत नव्हतं. मॉस्कोत १९६० साली आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या मुलांसाठी खास विद्यापीठ निघालं. पुढे त्याला काँगोचे नेते पॅट्रिस लुमुंबा यांचं नाव मिळालं. निवड झालेल्या मुलाला फी नाही, वर दरमहा भत्ता. आधी रशियन भाषा शिकायची, मग कोर्स. खर्च सरकारचा, कारण सरकारला जगात मित्र हवे होते.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. २ जानेवारी १९९२ ला रशियानं बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं नियंत्रण उठवलं आणि वर्षभरात भाव पंचवीस पटींहून जास्त वाढले. विद्यापीठांना सरकारी पैसा पुरेना. त्याच वर्षीच्या शिक्षण कायद्यानं फी घेऊन शिकवायची वाट मोकळी केली. डॉलरमध्ये फी भरणारा परदेशी विद्यार्थी आता मोठा आधार झाला. युक्रेन, किर्गिझस्तान, जॉर्जियाही त्याच वाटेनं गेले.

म्हणजे मैत्रीखात्यातली जागा बाजारात आली. आणि जोखीम? ती सरकारकडून निघून थेट अहमदपूर-मुखेडच्या शेतकरी बापाच्या सातबाऱ्यावर आली.

पुढचं गणितही समजून घ्या. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांसाठी २००२ पासून इथं पात्रता परीक्षा आहे. तिच्यात अनेकदा पाचातला जेमतेम एक पास होतो. २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा कोर्स, इंग्रजी माध्यम आणि तिथेच एक वर्ष इंटर्नशिप हवी. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा हजारो मुलं शिक्षण अर्धवट टाकून परतली.

जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. तिथून शिकून आलेले चांगले डॉक्टर आहेत. पण एजंटला तीन प्रश्न विचाराच. वॉर्डातल्या पेशंटशी मी कोणत्या भाषेत बोलणार? इंटर्नशिप कुठं होणार? तुमच्याकडून गेलेल्यांपैकी किती जण इथली परीक्षा पास झाले? उत्तरं लेखी घ्या. सही त्यानंतर.

भेटू पुढच्या भागात!