खडकांचे गोत्र : एका संकल्पनेचा इतिहास

दोन कृतींत साम्य आढळले की ते एका मूळस्रोतातून आले की सारख्या परिस्थितीतून स्वतंत्रपणे घडले, हा प्रश्न तुलनाकाराला टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अग्निज खडकांच्या अभ्यासकांपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहिला. आणि त्यांनी त्यासाठी जी परिभाषा स्वीकारली ती कुळगोत्राची होती.

१८८६ मध्ये जॉन जड यांनी स्कॉटलंड-आयर्लंडमधील तृतीयक कालखंडाच्या बेसाल्टादी खडकांचा विचार करताना 'शिलाप्रांता'ची कल्पना मांडली. एका प्रदेशात एका कालखंडात उद्रेक पावलेल्या खडकांना काही समान लक्षणे असतात आणि त्याच काळातील अन्यत्रच्या सजातीय खडकांहून ती वेगळी असतात, एवढेच त्यांचे म्हणणे. सहा वर्षांनी जोसेफ इडिंग्ज यांनी या साम्याला 'रक्तसंबंध' म्हटले. प्रांत हा शेजार सांगतो, रक्तसंबंध वंश सांगतो. निरीक्षणाची उपपत्ती झाली ती या शब्दाने. १९०६ मध्ये हेन्री वॉशिंग्टन यांनी रोम परिसरातील पोटॅशियमयुक्त लाव्हांवरील ग्रंथात एका शिलारसातून जन्मलेल्या खडकांचा प्रदेश निश्चित केला. (हे गृहस्थ तरुणपणी ग्रीसमधील पुरातत्त्वीय उत्खननांत रमले होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.)

वंशकल्पनेचा अतिरेक लवकरच झाला. १९०९ मध्ये आल्फ्रेड हार्कर यांनी जगातील अग्निज खडक 'अटलांटिक' आणि 'पॅसिफिक' अशा दोन घराण्यांत वाटले : पहिले अल्कधर्मी, दुसरे कॅल्शियमप्रधान. पण अल्कधर्मी लाव्हा पॅसिफिकच्या ऐन मध्यावर, हवाई बेटांवरही सापडतो! नकाशाने गोत्र ठरत नाही, हे यातून उघड झाले. १९२२ मध्ये वॉशिंग्टन यांनीच दख्खनच्या बेसाल्टाची दूरदूरच्या पठारी बेसाल्टांशी तुलना केली, तेव्हा हजारो मैलांचे अंतर असूनही त्यांत जवळचे साम्य दिसले. पुढे नॉर्मन बोवेन यांनी १९२८ च्या ग्रंथात शिलारस थंड होताना खनिजे कोणत्या क्रमाने विलग होतात, यावर भर दिला. प्रक्रिया सारखी असेल तर परस्परांशी संबंध नसलेले शिलारसही सारखी अपत्ये देऊ शकतात. वंशवाद्यांना याहून अडचणीचे उत्तर मिळणे कठीण होते.

तरीही वंशाचा प्रश्न मिटला नाही. तो अधिक सूक्ष्म झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या दख्खनच्या लाव्हाचे थर १९८० च्या दशकात रासायनिक लक्षणांवरून वेगळे करण्यात आले. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या घाटात 'पोलादपूर' आणि 'आंबेनळी' हे दोन थर एकावर एक आहेत. डोळ्यांना दोन्ही काळा पाषाणच. मात्र स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण पाहता, आंबेनळीसारख्याच शिलारसात वर येताना खंडीय कवचातील द्रव्य मिसळून पोलादपूरचा थर घडला असावा, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. म्हणजे खडकाला उगमातून काय मिळाले आणि वाटेत काय लागले, हे आता काही प्रमाणात तरी निरनिराळे मोजता येते. साहित्यातील 'प्रभावा'ची चर्चा करणाऱ्या आपल्यापाशी असे मोजमाप नाही.