आरे दुग्ध वसाहत

मुंबई उपनगरात गोरेगाव (पूर्व) येथे म्हशींचे तबेले, चाराकुरणे व वनक्षेत्र एकत्र असलेली शासकीय वसाहत. शहरातील तबेले बाहेर हलवून निर्भेळ दूध पुरवण्यासाठी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये स्थापना. क्षेत्र सुमारे १,३०० हेक्टर. कुरणांत मुख्यतः पॅरागवत. वारली पाड्यांत (पहा: वारली) भात व भाजीपाला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (पहा) लागूनच असल्याने येथे बिबट्यांचा नियमित वावर असून वाघाटी या दुर्मिळ रानमांजराचीही नोंद आहे. गुरांसाठी राखलेली ही जमीन बांधकामापासून बरीच वाचली, हेच तिचे खरे महत्त्व. २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. २०२० मध्ये शासनाने सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय घेतला.