सौभद्र वाचून झाले, पुढे काय?

इब्रामपूर हे पेडणे तालुक्यातले, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले गाव. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकरांकडे होता. दशावतारी काला हा सीमेच्या दोन्ही बाजूंचा सामाईक ठेवा. इथल्या माणसाची नाटकाशी पहिली ओळख पुस्तकातून होत नाही, ती काल्यात होते. आख्यान तेवढे ठरलेले असते, संवाद नट उभ्या उभ्या रचतो. असल्या कानांना छापील नाटक आधी कोरडे वाटले तर नवल नाही.

म्हणून सुरुवात सौभद्रापासून करावी, याबद्दल सहसा वाद होत नाही. कृष्ण, बलराम, सुभद्रा ही सगळी ओळखीची मंडळी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर केले तेव्हा पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे आयत्या वेळी बोलत. म्हणजे आपल्या काल्याचेच भावंड! अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या शाकुंतलात आणि १८८२ च्या सौभद्रात गाणे पात्रांच्या तोंडी दिले व गद्य लिहून पक्के केले.

यानंतर जाणकार मंडळी बहुधा शाकुंतल किंवा एकच प्याला हाती देतात. माझे मत निराळे आहे. कालिदास कुठे पळून जात नाही, आणि गडकऱ्यांची भाषा नवख्याला दमवते. आधी देवलांचे शारदा (१८९९) घ्यावे. देवल किर्लोस्करांचेच शिष्य, पण इथे देव नाहीत की राक्षस नाहीत. बोहल्यावर चढू पाहणारा म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी देणारा कांचनभट आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. पदे आपल्याला ऐकून ठाऊक असतात, ती बाजूला ठेवून भद्रेश्वराचे नुसते बोलणे वाचावे. आपण हसत असतो आणि तिकडे एका पोरीचा सौदा होत असतो. पुढे लग्न मोडते तेसुद्धा कुणाला दया आली म्हणून नव्हे, वधूवर सगोत्र निघाले म्हणून!

शारदा पचले की संशयकल्लोळ. मूळ मोलियेरचे, तिथून मर्फीच्या इंग्रजीत, तिथून देवलांकडे. आधी गद्य, मग १९१६ मध्ये पदांसह. रंगमंचावर सगळा हशा फाल्गुनराव खातो. वाचताना मात्र नजर रेवतीवर थांबते. ती नायकिणीची मुलगी, तिला संसार हवा आहे, आणि जीव लावणारा अश्विनशेठसुद्धा तिच्यावर संशय घेतो. ज्या गोव्याला कलावंत घराण्यांनी गाणे दिले, तिथल्या वाचकाने रेवतीचे प्रवेश सावकाश वाचावेत.