बाप्तिस्मा न मिळालेले नाव

गाजलेल्या कादंबरीतल्या, नाटकातल्या किंवा सिनेमातल्या पात्राचे नाव मुलाला ठेवले गेले, की त्याचे सारे श्रेय आपण त्या कलाकृतीला देऊन मोकळे होतो. पुस्तक गाजले म्हणून नाव पसरले, हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो तपासून पाहावा असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. रशियातल्या ‘स्वेतलाना’ या नावाचा इतिहास वाचला की हा हिशेब किती अपुरा आहे ते कळते. आज हे नाव अस्सल, पुरातन स्लाव्ह वळणाचे वाटते. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कवींनी घडवले. दहा-बारा वर्षांत ते साऱ्या सुशिक्षित रशियाच्या तोंडी झाले, आणि तरीही पुढची शंभर वर्षे, तुरळक अपवाद सोडले तर, ते पाळण्यापर्यंत पोचलेच नाही. कवितेने नाव लाडके केले खरे, परंतु ते मुलीला देता येईल की नाही हे ज्याच्या हाती नोंदवही होती त्याने ठरवले. कल्पित नावांच्या इतिहासात लेखकाइतकेच लक्ष या नोंदवहीकडे द्यायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

अलेक्सान्द्र वोस्तोकोव या कवीने 1802 मध्ये ‘स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव’ हे कथाकाव्य रचले. त्यात हे नाव प्रथम भेटते. जुन्या स्लाव्ह नावांच्या धाटणीवर, प्रकाश या अर्थाच्या शब्दापासून ते बांधलेले होते. ते काव्य मागे पडले, पण नाव वासिली झुकोव्स्कीने उचलले. 1813 मध्ये छापलेले त्याचे ‘स्वेतलाना’ हे कथागीत म्हणजे ब्युर्गर या जर्मन कवीच्या ‘लेनोरे’चे रशियन मातीत केलेले रोपण आहे. एपिफनीच्या सणाची आदली रात्र. मुली भविष्य पाहायला जमल्या आहेत. कुणी पायातला जोडा फाटकाबाहेर भिरकावते, कुणी वितळलेले मेण ओतते, पाण्याच्या वाडग्यात अंगठ्या आणि कर्णफुले टाकून गाणी म्हटली जातात. स्वेतलानाचा वाग्दत्त वर वर्षभर परगावी आहे आणि त्याची काही खबर नाही. ती दोघांचे ताट मांडून, मेणबत्ती लावून आरशासमोर बसते. तो येतो, तिला घसरगाडीत बसवून हिमवादळातून नेतो, वाटेतल्या चर्चमध्ये कुणाचे तरी अंत्यविधी चालू आहेत, आणि शेवटी एका झोपडीत शवपेटीत तोच निघतो. इतक्यात तिला जाग येते. सकाळी खरा वर दारात सुखरूप उभा असतो. मूळ जर्मन काव्यात नायिकेचा मृत्यूने घास घेतला आहे. झुकोव्स्कीने तिला जगवले. मला वाटते, या नावाला पुढे जे प्रेम मिळाले त्यात या बदलाचा वाटा मोठा आहे.

ते प्रेम किती होते, याचे पुरावे भरपूर आहेत. झुकोव्स्कीने हे काव्य भाची अलेक्सान्द्रा प्रोतासोवा हिला लग्नाची भेट म्हणून अर्पण केले आणि तिच्या वर्तुळात तिला स्वेतलाना म्हणू लागले. 1815 मध्ये ‘आर्झामास’ हे लेखकांचे मंडळ निघाले. त्यात प्रत्येक सभासद झुकोव्स्कीच्या कथागीतांतून टोपणनाव घेई. स्वतः झुकोव्स्की तिथे ‘स्वेतलाना’ होता, आणि तरुण पुश्किनला मिळालेले ‘रातकिडा’ हे नावही याच काव्यातले. ‘येवगेनी ओनेगिन’च्या पाचव्या प्रकरणाच्या माथ्यावर पुश्किनने याच काव्यातल्या ओळी दिल्या. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्यांनी ते पाठ केले. झारच्या आरमारातल्या एका क्रूझरचे नाव ‘स्वेतलाना’ होते. 1905 च्या त्सुशिमाच्या लढाईत जपान्यांनी ती बुडवली. म्हणजे हे नाव पुरुष कवीला चालले, विवाहित स्त्रीला लाडाने चालले, युद्धनौकेला चालले. नवजात मुलीला मात्र ते चालत नव्हते.

कारण साधे होते. मुलीचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठरे, आणि पाद्री ते संतांच्या दिनदर्शिकेतूनच देई. जन्मदाखला म्हणून वेगळे काही नव्हतेच. चर्चची वही हाच दाखला. स्वेतलाना नावाची संत त्या दिनदर्शिकेत नव्हती. याला केवळ चर्चची हुकूमशाही म्हणून उडवून लावणे मात्र अन्यायाचे होईल. ऑर्थोडॉक्स श्रद्धेत नाव म्हणजे स्वर्गातला कैवारी. ज्या संताचे नाव, त्याचा दिवस हा माणसाचा खरा सण, वाढदिवसाहून मोठा. चेखवचे ‘तीन बहिणी’ हे नाटक धाकट्या इरिनाच्या अशाच नामदिनाने उघडते. ज्या मुलीच्या नावाला संत नाही, तिच्यासाठी कुणापुढे मेणबत्ती लावायची, हा प्रश्न आईबापांनाही खराच वाटत असणार. खुद्द झुकोव्स्कीच्या घरात या नियमाची दुसरी बाजू होती. त्याची आई तुर्की युद्धकैदी. तिचे नाव साल्हा. रशियात बाप्तिस्मा होताच ती येलिझावेता झाली. जिच्या मुलाने रशियाला एक नवे नाव दिले, त्या बाईचे स्वतःचे नाव त्याच नोंदवहीने पुसले होते.

आता कुणी म्हणेल, की नाव पसरले नाही याचे कारण कदाचित वाचकांना ते मुलीला ठेवावेसेच वाटले नसेल. दोष वहीला कशाला? हा आक्षेप पारखून पाहण्याची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. त्याच पिढीत पुश्किनने ‘येवगेनी ओनेगिन’मध्ये तात्याना लारिना ही नायिका घडवली. ते नाव ठेवताना त्याने वाचकांची जवळजवळ माफीच मागितली आहे, कारण उमराव घरांत ते तेव्हा गावंढळ समजले जाई. तळटीप देऊन त्याने सांगितले, की अशी गोड ग्रीक नावे आपल्याकडे फक्त साध्या लोकांत चालतात. पण तात्याना ही रोमन हुतात्मा संत होती, दिनदर्शिकेत 12 जानेवारीला तिचा दिवस होता. त्यामुळे कादंबरी गाजल्यावर हे नाव वरच्या घरांत शिरायला कुठलीच आडकाठी नव्हती. ते थेट राजवाड्यात पोचले. झार निकोलाय दुसरा याने 1895 आणि 1897 मध्ये जन्मलेल्या थोरल्या दोन मुलींची नावे ओल्गा आणि तात्याना ठेवली, ती पुश्किनच्या कादंबरीतल्या बहिणींसारखी असावीत म्हणून, अशी नोंद ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिनच्या डायरीत आहे. साम्राज्याचा धनी आणि चर्चचा रक्षक कादंबरीतून मुलींची नावे घेतो आणि कुणाची हरकत नसते, कारण ती नावे वहीत आधीच आहेत. दोन्ही नायिका सारख्याच लाडक्या, वाचकवर्ग तोच, काळ तोच. फरक फक्त दिनदर्शिकेत होता.

डिसेंबर 1917 मध्ये सोव्हिएत सरकारने विवाह आणि जन्माची नोंद चर्चकडून काढून सरकारी कचेरीकडे दिली. कवाड उघडले आणि नावांचा लोंढा आला. लेनिनचे नाव उलटे वाचून ‘निनेल’, व्लादिमीर लेनिनवरून ‘व्लादलेन’, क्रांतीच्या महिन्यावरून ‘ओक्त्याब्रिना’. या गर्दीत स्वेतलाना आली आणि टिकली. पक्षाच्या नेत्यांच्या घरांतच ती पटापट दिसू लागली: बुखारिनची मुलगी स्वेतलाना, स्टालिनची 1926 साली जन्मलेली मुलगी स्वेतलाना, मोलोतोवची मुलगीही स्वेतलाना. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे नाव देशातल्या अगदी नेहमीच्या नावांत जाऊन बसले.

इथे दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की हे सारे स्टालिनच्या मुलीमुळे झाले. बापाच्या मांडीवरची ती लाल केसांची पोर साऱ्या देशाला ठाऊक होती. तिच्यामुळे नावाला जोर मिळाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बुखारिनची मुलगी तिच्याहून थोरली. म्हणजे नाव हवेत आधीच होते आणि स्टालिन दांपत्याने ते तिथूनच घेतले. शिवाय 1956 नंतर स्टालिनचे पुतळे खाली आले तेव्हा हे नाव त्यांच्याबरोबर खाली आले नाही. 1967 मध्ये स्टालिनची ही मुलगी, स्वेतलाना अलिलुयेवा, आपले भारतीय जोडीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन भारतात आलेली असताना दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीत शिरली आणि मायदेशाला मुकली; त्यानंतरही रशियन आईबाप मुलींना हे नाव ठेवतच राहिले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विजेच्या आणि साक्षरतेच्या त्या दशकांत प्रकाशाशी नाते सांगणारे नाव लोकांना आवडले, त्यात झुकोव्स्कीचा काय संबंध? अनेक आईबापांच्या डोक्यात ते काव्य नसेलही, हे मी मान्य करतो. पण नव्या युगाचा अर्थ थेट सांगणारी ‘एलेक्त्रिफिकात्सिया’सारखी नावेही तेव्हा ठेवली गेली होती आणि ती एका पिढीत विरून गेली. स्वेतलाना उरली, कारण शंभर वर्षे पाठ केलेल्या काव्याने तिला परकेपण राहू दिले नव्हते. क्रांतीने कवाड उघडले तेव्हा ती बाहेर तयार उभी होती. कवाडही लागते आणि उभे राहणारेही लागते. नुसत्या साहित्याचे किंवा नुसत्या सत्तेचे श्रेय मानणारे दोघेही या कथेचा अर्धाच भाग सांगतात.

मराठी वाचकाला ही गोष्ट वेगळ्या कारणाने विचार करायला लावणारी आहे. आपल्याकडे असे कवाड कधी बंदच नव्हते. बारशाच्या विधीत पात्रात तांदूळ पसरून सोन्याच्या सळईने किंवा अंगठीने चार नावे लिहिण्याची शास्त्राची रीत आहे: कुलदेवतेचे, महिन्याचे, नक्षत्राचे आणि व्यवहाराचे. धर्माला जे हवे ते पहिल्या तिन्हींत मिळते, चौथे नाव घरच्यांच्या मर्जीवर. त्यामुळे कालिदासाच्या कल्पनेतली प्रियंवदा, जी महाभारताच्या मूळ आख्यानात नाहीच, मराठी घरात आली तेव्हा कुणालाही परवानगी विचारावी लागली नाही. 1880 मध्ये किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्या नावाच्या वाटेत कसलीच वही आडवी नव्हती. म्हणून आपल्याकडे नियमन नव्हतेच असे मात्र नाही. ‘मृच्छकटिक’ देवलांनी मराठीत आणले. त्यातला चारुदत्त आपल्यात सर्रास भेटतो, पण त्या नाटकाचा प्राण असलेली वसंतसेना मुलीच्या नावात क्वचितच ऐकू येते. ती गणिका होती, एवढेच कारण. तिची निष्ठा, तिचे औदार्य, मातीच्या गाडीत दागिने भरून देणारा तिचा हात, हे सारे प्रेक्षकांनी डोळे भरून पाहिले आणि बारशाला विसरले. इथे पाद्र्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्यांनी केले, आणि ते अधिक कठोरपणे केले असे मला वाटते, कारण अशा नकाराची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

रशियात गोष्ट फिरून आपल्यासारख्याच व्यवस्थेवर आली आहे. पहिल्यांदा अवकाशात चालणारी स्त्री स्वेतलाना सावित्स्काया आणि नोबेल मिळवणारी स्वेतलाना अलेक्सिएविच, दोघींचा जन्म 1948 चा, म्हणजे नाव पूर्ण रुळल्यानंतरचा. त्या पिढीतल्या अनेक स्वेतलाना पुढे चर्चकडे वळल्या तेव्हा पाद्र्यांनी तोडगा काढला: बाप्तिस्म्याचे नाव फोतिनिया, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीचे, आणि पासपोर्टवर स्वेतलाना. स्वेतलाना या नावाचा मागोवा घेणारे अख्खे पुस्तक एलेना दुशेच्किना यांनी लिहिले आहे. मराठीतही असे काम व्हावे. गावोगावच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे अजून कपाटांत आहेत आणि प्रत्येक मुलाचे नाव त्यात वर्षासह लिहिलेले आहे. प्रियंवदा आणि चारुदत्त कोणत्या गावात, कोणत्या घरांत, कोणते नाटक येऊन गेल्यावर उगवले, हे त्यातून शोधता येईल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती कपाटे वाळवी लागण्याआधी उघडावीत.