जेकार्डचे कार्ड आणि न लिहिलेला करार

धागा. (या माध्यमावर लांबलचक लेखाला धागा म्हणण्याची रीत आहे. आजचा विषय सोलापूरचा असल्याने हा शब्द एकदाचा आपल्या मूळ घरी पोहोचला.)

सोलापुरी चादर उलगडून तिच्या दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरे फूल असेल, तर नेमक्या त्याच जागी दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल फूल दिसते. हे फूल छापलेले नाही की सुईने भरलेले नाही. ते विणतानाच कापडात उतरले आहे. याचा अर्थ असा की आडवा धागा प्रत्येक वेळी सरकण्यापूर्वी कोणीतरी मागाला सांगितले होते, 'या वेळी हे उभे धागे वर घे, ते खाली राहू दे.' हा निरोप कोणत्या लिपीत लिहिला जातो आणि त्या लिपीत काय लिहिले जात नाही, याचा हा इतिहास आहे. तो सोलापूरच्या मागावरून निघून संगणकाच्या स्मृतीपर्यंत जातो.

प्रथम यंत्र समजून घेऊ. मागावरच्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि आडव्याला बाणा. साध्या कापडात ताण्याचे धागे एकाआड एक वर उचलले की काम भागते. फूल काढायचे तर प्रत्येक आडव्या धाग्याला निराळी निवड लागते. त्यासाठी मागाच्या डोक्यावर जेकार्ड बसवलेले असते. त्यात हुकांची रांग असते, आणि प्रत्येक हुकाच्या दोऱ्या खाली जाऊन ताण्याच्या ठरावीक धाग्यांना बांधलेल्या असतात. हुकांना आडव्या सुया जोडलेल्या असतात आणि सुयांसमोर जाड पुठ्ठ्याचे कार्ड येऊन टेकते. कार्डात भोक असेल तर सुई आरपार जाते, हूक पात्यावर अडकून राहतो आणि पाते वर उठले की त्याच्याबरोबर धागेही उठतात. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हूक पात्यावरून सुटतो आणि त्याचे धागे खालीच राहतात. एका आडव्या धाग्याला एक कार्ड लागते. सगळी कार्डे दोरीने शिवून त्यांची माळ करतात आणि ती माळ फिरत राहते. एखादे कार्ड मागेपुढे शिवले गेले, तर नक्षीच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी तीच चूक उमटते.

समजा चारशे हूक आहेत आणि नक्षीचा एक फेरा ९६० आडव्या धाग्यांचा आहे. मग ९६० कार्डे लागतील आणि त्यांवर भोक असण्या-नसण्याच्या ३,८४,००० जागा असतील. संगणकाच्या मापात ते ४८,००० बाइट होतात. आज मोबाइलवरचे एक साधे छायाचित्रही याच्या कितीतरी पट जागा घेते. पुठ्ठ्यात मात्र त्याची भरभक्कम माळ होते. ती मागावर चढवायलाही माणसे लागतात आणि ठेवायलाही जागा लागते.

ही कल्पना फ्रान्समधल्या लियाँ शहराची. १७२५ साली बाझिल बुशों याने भोके पाडलेली कागदाची पट्टी वापरली. तीन वर्षांनी त्याचा सहकारी फाल्कों याने पट्टीऐवजी एकमेकांना जोडलेली कार्डे आणली. पुढे व्होकांसोंने त्यात भर घातली. या सगळ्यांचे धागे एकत्र ओढून कारखान्यात चालेल असे यंत्र १८०४ मध्ये सिद्ध केले ते जोसेफ मारी जेकार्डने. आपण त्या यंत्राला त्याचेच नाव दिले आणि आधीच्या तिघांना विसरलो. १८३९ मध्ये जेकार्डचे रेशमी चित्र त्याच्याच यंत्रावर विणले गेले आणि त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली. त्याची एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेजकडे होती. आपल्या नियोजित 'अ‍ॅनालिटिकल इंजिना'ला आज्ञा आणि आकडे पुरवण्यासाठी त्याने याच कार्डांचा मार्ग निवडला. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथनेही माणसांची मोजणी भोके पाडलेल्या कार्डांवरच केली.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते, आणि ती सांगणारे सहसा 'जेकार्डचा माग हाच पहिला संगणक' या वाक्यावर थांबतात. मला ते वाक्य पटत नाही. माग गणित करीत नाही, हाती आलेल्या उत्तरावरून पुढची वाट बदलत नाही. कार्डात असते ते एका नक्षीचे वर्णन. अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की त्या वर्णनाचा अर्थ कोणाला ठाऊक असतो?

सोलापूर हे हा प्रश्न विचारण्यासाठी अगदी योग्य शहर आहे. इथल्या विणकरीचा मोठा भार पद्मशाली समाजाने वाहिला. त्यातली असंख्य कुटुंबे तेलंगणातून इथे येऊन स्थिरावली. आजही शहराच्या पूर्व भागात तेलुगू कानावर पडते. कर्नाटकची सीमा जवळ असल्याने कन्नड घराघरांत आहे. बाजारात मराठीबरोबर दखनी उर्दू चालते. नक्षी काढणारा, कार्डे पाडणारा, माग चालवणारा आणि चादर विकणारा हे चौघे घरी चार निरनिराळ्या भाषा बोलणारे असू शकतात. तरीही फूल बिघडत नाही, कारण त्यांच्यामध्ये कार्ड असते आणि कार्डाला मातृभाषा नसते. नक्षीवाला चौकटींच्या कागदावर चौकोन रंगवतो. कार्ड पाडणारा रंगलेल्या चौकोनाचे भोक करतो. मागवाल्याला फूल कमळाचे आहे की गुलाबाचे, हे ठाऊक असण्याचे कारण नसते.

पण कार्डावर एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. उजवीकडून सदतिसावे भोक कोणत्या हुकाचे? तो हूक ताण्याच्या कोणत्या धाग्यांना बांधला आहे? नक्षी आडवी किती वेळा फिरून येते? भोकांतले अंतर किती? हा सगळा करार मागाच्या दोऱ्यांच्या बांधणीत आणि कारागिराच्या डोक्यात राहतो. युरोपातच भोकांच्या अंतराच्या निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या. इंग्रजी पद्धतीची भोके मोठी आणि विरळ असत, व्हिन्सेन्झी आणि व्हेर्डोल पद्धतींची बारीक आणि दाट. एका पद्धतीचे कार्ड दुसरीच्या यंत्रावर चढत नाही. आणि पद्धत जुळली तरी दोऱ्यांची बांधणी निराळी असेल, तर तेच कार्ड तिथे वेगळेच काही विणते. वर्णन जसेच्या तसे असूनही अर्थ हरवलेला असतो.

आता दीडशे वर्षे ओलांडू. संगणकाचे कार्यक्रम मोठे होऊ लागले तसे ते एका हातून लिहून होईनात. एक भाग एका गटाने एका भाषेत लिहायचा, दुसरा दुसऱ्याने दुसऱ्या भाषेत, आणि दोन्ही एकत्र चालायला हवेत. प्रत्येक घटक बाहेरच्यांना आपली एक ठरावीक बाजू दाखवतो. माझ्याकडून ही ही कामे करून घेता येतील, या क्रमाने, अमुक प्रकारची माहिती दिल्यास. या बाजूला इंटरफेस म्हणतात. घटकाच्या पोटात काय चालले आहे ते पाहण्याची गरज नाही. बाजू कळली की पुरे.

दीर्घकाळ ही बाजू मागाच्या बांधणीसारखीच होती. ती प्रोग्रामरने वाचायची, लक्षात ठेवायची आणि त्याप्रमाणे लिहायचे. कार्यक्रम एकदा यंत्राच्या भाषेत उतरला की त्यातून ही माहिती बहुतांशी पुसली जाई. उरत ते फक्त क्रमांक. या घटकाचे तिसरे काम, त्याला दोन मूल्ये. ती मूल्ये आकडे आहेत की अक्षरे, हे चालू यंत्राला सांगता येत नसे.

यातली निर्णायक कल्पना अशी की करार स्वतःच माहिती म्हणून लिहावा आणि चालू यंत्राच्या स्मृतीत ठेवावा. १९९१ साली आलेल्या 'कॉर्बा' या मानकात इंटरफेसचे वर्णन करण्यासाठी एक स्वतंत्र, कोणत्याच कार्यक्रम-भाषेची नसलेली भाषा होती, आणि ती वर्णने साठवून चालू कार्यक्रमाला विचारता येईल असे भांडारही होते. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'कॉम'ने प्रत्येक इंटरफेसला १२८ बिटांचा स्वतंत्र ओळख-क्रमांक दिला आणि एक कडक नियम घातला. एकदा प्रसिद्ध केलेला इंटरफेस बदलायचा नाही. बदल हवा असेल तर नवा क्रमांक घेऊन नवा इंटरफेस काढायचा. या नियमाचे कारण सोलापुरात कोणीही सांगेल. माळेच्या मध्ये एक कार्ड घुसवले की पुढची सगळी कार्डे एका जागेने सरकतात.

सर्वांत देखणे उदाहरण मला मोझिलाचे वाटते. ३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा मूळ मजकूर जगाला खुला केला आणि त्यातून पुढे फायरफॉक्स जन्माला आला. त्याचे अंतरंग सी प्लस प्लस भाषेत होते, तर खिडक्या, बटणे आणि लोकांनी लिहिलेल्या विस्तारांची भाषा जावास्क्रिप्ट. या दोन भाषांचे स्वभाव कमालीचे भिन्न आहेत. पहिलीत प्रत्येक वस्तूचा प्रकार आधी ठरवावा लागतो, दुसरीत तो वेळेवर ठरतो. त्यांच्यामध्ये दुभाषा म्हणून बसले ते इंटरफेसचे वर्णन, 'टाइपलिब' या नावाने.

त्याची रचना कार्डांच्या माळेइतकीच काटकसरी होती. आरंभी १६ बाइटांची ओळखखूण. तिच्यात ओळ बदलण्याची चिन्हे मुद्दाम पेरलेली, म्हणजे पाठवताना कोणी फाइल साधा मजकूर समजून बिघडवली तर पहिल्याच घासाला खडा लागावा. मग इंटरफेसची सूची. प्रत्येकाचा १२८ बिटांचा क्रमांक, नाव आणि त्याचा पूर्वज कोण ते. मग कामांची यादी, ठरावीक क्रमाने. प्रत्येक कामाखाली त्याला लागणारी मूल्ये: आत जाणारे की बाहेर येणारे, आणि प्रकार कोणता. हा प्रकार एका बाइटात मावे. पाच बिटांत प्रकाराचा आकडा, म्हणजे कमाल ३२ प्रकार, आणि उरलेल्या तीन बिटांत खुणा. जावास्क्रिप्टने एखादे काम मागितले की दुभाषा स्मृतीतली ही रचना उघडून पाही. हे सातवे काम, याला एक आकडा आणि एक शब्द हवा. मग तो मूल्यांचे रूपांतर करून पलीकडची हाक घाली. त्या दुभाष्याला आधी कोणीच त्या घटकाबद्दल काही शिकवलेले नसे. करार त्याच्यासमोर लिहिलेला होता, तेवढे त्याला पुरे.

याचा परिणाम मोठा झाला. मोझिलाशी कसलाही संबंध नसलेल्या लोकांनी ब्राउझरच्या पोटातले घटक वापरून हजारो विस्तार लिहिले. त्यांना कोणाची परवानगी लागली नाही, कोणाला भेटावे लागले नाही.

आणि मग १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली आणि ते सगळे विस्तार एका दिवसात बंद पडले. कारणे खोटी नव्हती. बाहेरच्या विस्तारांनी पोटातला प्रत्येक इंटरफेस धरून ठेवल्यामुळे ब्राउझरला आतून बदलताच येईना. वेग आणि सुरक्षितता दोन्ही अडली होती. नवी, अरुंद बाजू दिली गेली आणि जुनी बंद झाली. त्यानंतर वर्णनांच्या स्वतंत्र फायलीही गेल्या आणि ती माहिती ब्राउझर बांधतानाच त्याच्या पोटात भरली जाऊ लागली. निर्णय योग्य होता असे मी मानतो. पण ज्यांनी वर्षानुवर्षे आपला विस्तार जपला होता, त्यांच्या मनात त्या दिवशी काय आले असेल, हे जुना माग भंगारात निघताना पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

इथे दोन्ही गोष्टी समोरासमोर येतात. फायरफॉक्सच्या जुन्या फायली आजही कोणी उघडल्या, तर कामांची नावे, मूल्यांचे प्रकार आणि क्रम सगळे वाचता येते. करार शाबूत आहे, त्याला उत्तर देणारे यंत्र तेवढे उरलेले नाही. सोलापूरच्या कार्डांचे याच्या उलट आहे. १९८३ साली मिलानच्या प्रदर्शनात बोनास या इंग्रजी कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडले. ते जिथे जिथे पोहोचले तिथे हुकांची निवड विद्युतचुंबक करू लागले, नक्षी फाइलमध्ये गेली आणि पुठ्ठ्याची माळ खाली उतरली. जुने यंत्रमाग अजून पुष्कळ आहेत, जेकार्डही आहेत. पण उतरवलेल्या माळेवरचे फूल कोणत्या बांधणीसाठी होते, हे त्या माळेवर कुठेच लिहिलेले नसते. भोके सगळी जागच्या जागी, अर्थ मात्र कारागिराबरोबर गेलेला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते नावाचे रक्षण करते, बांधणीची नोंद ठेवण्याची सोय त्यात नाही.

या धाग्याच्या वाचकांत सोलापूरचे पुष्कळजण आहेत. आपल्या घरी किंवा कारखान्याच्या पोटमाळ्यावर अशी एखादी माळ पडली असेल, तर ती टाकण्यापूर्वी तिच्यासोबत एक कागद बांधून ठेवावा. त्यावर हुकांची संख्या, भोकांतले अंतर, एकूण कार्डे, पहिले कार्ड कोणते, नक्षी आडवी किती वेळा फिरत होती आणि प्रत्येक हुकाला किती धागे बांधलेले होते, एवढे लिहावे. माग चालवलेले कोणी वडीलधारे घरात असतील तर त्यांनाच विचारून लिहावे. बांधणी त्यांना अजून तोंडपाठ असते.