आजीव सेवेचे व्रत आणि वारली पाडे : डहाणू-तलासरीतील ध्येयनिश्चितीचा इतिहास

आपल्या आयुष्याचे काय करायचे हे माणसाने स्वतः ठरवावे, ते शब्दांत मांडावे आणि मग त्याला अनुसरून काम निवडावे, ही रीत महाराष्ट्रात फार जुनी नाही. व्यवसाय जन्माने ठरत असे आणि ध्येय हा शब्द संसार सोडलेल्यांसाठी राखलेला असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांसमोर नोकरी, वकिली आणि सार्वजनिक कार्य असे पर्याय एकदम उभे राहिले, तेव्हा निवड करणे भाग पडले. त्या निवडीला पुण्यात एक निश्चित साचा मिळाला. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सभासदांची पद्धत रूढ केली. आजीव सभासद म्हणजे अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेतच शिकवण्याचे वचन देणारा शिक्षक. गोपाळ कृष्ण गोखले यांनी असे वचन महिना ७५ रुपयांवर दिले आणि पाळले. त्यांनीच १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासद होणाऱ्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाला मनात पहिले स्थान देणे, सेवेतून स्वतःचा लाभ न पाहणे, जातिधर्माचा भेद न मानणे, संस्था देईल त्यात स्वतःचे व कुटुंबाचे भागवून पैसा मिळवण्यात शक्ती न दवडणे अशा त्या प्रतिज्ञा होत्या, आणि त्यांच्यापुढे पाच वर्षांची उमेदवारी असे. या साच्याचे बळ त्याच्या उदात्ततेपेक्षा त्याच्या नेमकेपणात अधिक होते, कारण किती वर्षे द्यायची आणि किती पैशांत भागवायचे हे आधीच ठरल्यामुळे पुढील प्रत्येक मोहाच्या वेळी नव्याने विचार करण्याची गरज उरत नसे.

हा साचा आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या टापूत, शाळेच्या वाटेने आला. गोखल्यांच्या नावाने स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२० मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात हायस्कूल सुरू केले आणि आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारख्या ध्येयवादी शिक्षकांनी ते नावारूपाला आणले. मुंबईत सहज चांगली नोकरी मिळाली असती अशी माणसे चिकूच्या वाड्यांच्या या गावात राहिली, ही गोष्ट त्या काळी परिसरात फार बोलली जाई. पुढे भिसे यांचे लक्ष आदिवासींच्या सेवेकडे वळले. तसे होणे अटळच होते, कारण किनाऱ्यापासून थोडे आत गेले की वारली पाडे लागत आणि तेथे आयुष्याची आखणी करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो का उद्भवत नव्हता, हे समजण्यासाठी वेठ आणि लग्नगडी या दोन प्रथा पाहाव्या लागतात. वेठ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर किंवा घरी बिनमोबदला करावे लागणारे काम. लग्नगडी म्हणजे लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून पैसे उचलून त्याच्या फेडीत स्वतःला राबायला बांधून घेणारा तरुण; त्याच्याबरोबर त्याची नवी बायकोही राबे, हिशेब सावकाराच्या वहीत राही, आणि वाचता न येणाऱ्याला आपले किती फिटले हे कळण्याचा मार्ग नसे. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल लिहिला, त्यात ही वेठबिगारी सरकारदरबारी नोंदली गेली. विसाव्या वर्षी लग्न करणारा हा तरुण त्याच दिवशी आपल्या पुढच्या सगळ्या दिवसांवरचा हक्क गमावत होता. त्याच सुमारास पुण्या-मुंबईत तरुणांना ध्येयवादावर व्याख्याने ऐकवली जात होती, आणि या दोन गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय त्या काळाचा इतिहास पुरा होत नाही.

१९४५ या एका वर्षात या टापूत दोन वेगळ्या ध्येयांची माणसे कामाला लागली. त्यांपैकी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्या वेळी पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. प्रार्थना समाजाच्या घरात वाढलेल्या, १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या आणि विवाह मोडल्यावर राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झालेल्या ताराबाईंना मानाची, स्थिर नोकरी होती. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाच्या कामात शिरल्या. माँटेसरी पद्धत, म्हणजे मुलाने साधने हाताळत आपल्या गतीने शिकण्याची इटलीत उदयास आलेली पद्धत, त्यांनी तेथे आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. येथपर्यंतचा प्रवास पाहता त्यांचे ध्येय पुरेसे स्पष्ट झाले होते असे कोणीही म्हणेल. बोर्डीने मात्र दाखवून दिले की ते ध्येय अजून मध्यमवर्गीय मुलापुरतेच नेमके होते.

त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) वेगळ्या वाटेने आल्या होत्या. मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंना तेराव्या वर्षी वैधव्य आले. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशा मुलीचे पुढचे आयुष्य काय असावे हे इतरांनी ठरवूनच ठेवलेले असे. अनुताईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, पुण्याच्या हुजूरपागेत दहाहून अधिक वर्षे शिकवले, नोकरी सांभाळत मॅट्रिक झाल्या, आणि १९४५ मध्ये ताराबाईंशी गाठ पडल्यावर बोर्डीला निघाल्या. पदवी त्यांनी १९६१ मध्ये, पन्नाशीनंतर घेतली. पात्रता आधी आणि काम नंतर, हा क्रम त्यांच्या आयुष्यात अनेकदा उलटा झाला आणि त्याने काही बिघडले नाही, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

ताराबाईंच्या बोर्डीतील ग्राम बाल शिक्षा केंद्राने बालवाडी उघडली, पण पाड्यांवरची मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच पाड्यावर नेण्यात आली. एखाद्या झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात मुलांना जमवायचे, आंघोळ घालायची, नखे कापायची, गाणी म्हणायची आणि शंख-शिंपले, बिया, मणी, पाने यांनीच मोजायला व रंग ओळखायला शिकवायचे, अशी ती अंगणवाडी होती. परदेशी लाकडी साधनांची किंमत आणि त्यांचे परकेपण दोन्ही त्यामुळे टळले. नंतर कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि तेथे अडचणी आणखी जवळून दिसल्या. मुलगा शाळेत येत नाही, कारण तो गुरे राखतो. म्हणून शिक्षक पाटी घेऊन चराईच्या रानात जाऊ लागले, आणि त्या वर्गाला कुरणशाळा म्हटले गेले. मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवणारी विकासवाडी निघाली, जेथे ती मुलगी भावंडाला पाळणाघरात सोडून शेजारच्या वर्गात बसू शके. ताराबाईंच्या मूळ कल्पनाचित्रात यांपैकी काहीही नव्हते. ध्येय त्यांनी सोडले नाही, पण त्याचा तपशील पाड्यावरच्या मुलांनी भरला, आणि विसाव्या शतकातील मराठी ध्येयवादाची यापेक्षा मोलाची कमाई दाखवणे कठीण आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

दुसरे काम गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) यांचे. त्या माहेरच्या गोखले. कायद्याची पदवी घेतलेल्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रियांपैकी एक, आणि भारत सेवक समाजाने आजीव सभासद करून घेतलेली पहिली स्त्री. म्हणजे व्रताच्या मूळ साच्यातूनच त्या घडल्या होत्या. साक्षरताप्रसार आणि मुंबईतील घरकामगार स्त्रियांची संघटना या कामांतून त्यांना जाणवत गेले की दयाबुद्धीने केलेली सेवा मालकीच्या प्रश्नाला हात घालत नाही. १९३९ मध्ये त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या. त्याच वर्षी शामराव परुळेकरांशी त्यांचा विवाह झाला. घेतलेले व्रत बदलणे हा त्या काळी दुबळेपणा समजला जाई. येथे मात्र तो बदल ध्येय अधिक नेमके होण्याचाच भाग होता.

त्यांच्या या टापूतील कामातून मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. तेथे ठरलेल्या गोष्टी अगदी मोजक्या होत्या : रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, वेठ करायची नाही, मारहाण झाल्यास प्रतिकार करायचा आणि एकी मोडू द्यायची नाही. गोखल्यांच्या प्रतिज्ञांइतकाच हा मजकूर स्पष्ट होता, परंतु तो घेणारी माणसे सुशिक्षित नव्हती आणि त्यागासाठी त्यांच्याकडे काही शिल्लक नव्हते. त्यांना आपले दिवस परत हवे होते. या निश्चयाची किंमत लवकरच मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. तरीही वेठ आणि लग्नगडीची पकड सुटली. या लढ्यावरील गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. व्रतधारी कार्यकर्त्यांचा इतिहास सांगताना झरीची सभा वेगळ्या प्रकरणात टाकण्याची प्रथा आहे, ती सोडून द्यावी. आपल्या आयुष्याविषयी सामूहिक आणि उच्चारित निश्चय या टापूतील मूळ रहिवाशांनी येथे प्रथमच केला.

अशा निश्चयाविना घडलेले आयुष्यही याच भूमीत आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या पाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) लग्नाच्या वेळी सवाशिणी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहीत, तो विषय घेऊन सणाचे निमित्त नसताना रोज चित्रे काढू लागले. पुरुषाने हे करावे अशी रीत नव्हती, आणि चित्रकार हा व्यवसाय वारली समाजात अस्तित्वातच नव्हता. १९७०च्या दशकाच्या आरंभी कलावंत भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणि रंग आणले, तेव्हा म्हशांचा हात तयार होता. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. एका माणसाच्या नादातून पुढील पिढीसाठी पोटाचा उद्योग निघाला.

आज हीच भूमी पुन्हा एका मोठ्या आखणीच्या छायेत आहे. डहाणू तालुका जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला होता, आणि त्याच आधारावर १९९८ मध्ये तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तालुक्याच्या किनाऱ्यावरील वाढवण येथील प्रस्तावित बंदराला नकार दिला होता. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने अटींसह संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालून उभ्या राहणाऱ्या या बंदराबरोबर रोजगाराची आश्वासने आली आहेत. मासेमारी, बागायती आणि दागिन्यांसाठी डाय बनवण्याचा घरगुती उद्योग यांवर जगणाऱ्या किनाऱ्याच्या गावांतून विरोधही तितकाच जुना आणि ठाम आहे. शाळा संपवणाऱ्या वाढवणच्या मुलाला आता होडी आणि क्रेन यांतून निवड करावी लागेल असे सांगितले जाते. अंगणवाडीचा तपशील पाड्याने भरला होता आणि बारा आण्यांचा दर झरीत जमलेल्यांच्या सभेत ठरला होता. या बंदराच्या आराखड्यात त्या मुलाच्या गावाला अजून तसा हात लावू दिलेला नाही.